फाळक्यांचा मूकपट दाखवायचाय: वेग किती ठेवावा, आणि ही प्रत १९१३ची की १९१७ची?

सोनचाफा

वाचनालयाच्या चित्रपट मंडळासाठी दादासाहेब फाळक्यांवर दीड-दोन तासांचा कार्यक्रम आखतेय. सुरुवातीला त्यांच्या लेखन-दिग्दर्शनावर पंधरा-वीस मिनिटं, मग 'राजा हरिश्चंद्र'चा शिल्लक भाग आणि शेवटी 'कालिया मर्दन'.

जालावर 'हरिश्चंद्र'च्या ज्या फायली मिळतात त्यांची लांबी एकमेकींशी जुळत नाही. काहींत माणसं उंदरांसारखी पळतात. पुस्तकांत '३७०० फूट' लिहिलंय, त्याचे मिनिटांत किती होतात? दुसरं म्हणजे, शिल्लक तुकडा १९१३चा नसून १९१७चा आहे असं वाचलं. पाटीवर काय लिहायचं? दिग्दर्शित चित्रपटांची संख्याही दर ठिकाणी वेगळी. आणि भाषणात बायकोचे दागिने गहाण टाकले, स्त्रीभूमिकेसाठी साळुंक्यांना साडी नेसवली यापलीकडे काय सांगता येईल? दाखवायला परवानगी कुठली लागते तेही कळलं तर बरं.

फिरकी

वेगाचं आधी सांगतो, कारण बहुतेक कार्यक्रमांचा विचका तिथेच होतो.

३५ मिमी फिल्मच्या एका फुटात १६ चौकटी (एकेक सुटं चित्र) बसतात. त्या काळी कॅमेरा हाताने फिरवत. दांड्याच्या एका फेऱ्याला ८ चौकटी, सेकंदाला दोन फेरे, म्हणजे साधारण १६ चौकटी. म्हणून हिशेब सोपा: एक फूट म्हणजे एक सेकंद. ३७०० फुटांच्या ५९,२०० चौकटी आणि जवळपास ६२ मिनिटं. तीच फिल्म बोलपटाच्या २४च्या वेगाने पळवली की ४१ मिनिटांत संपते. शिल्लक आहे ती १४७५ फुटांच्या आसपास, पहिलं आणि शेवटचं रीळ. ती १६ने साडेचोवीस मिनिटं, १८ने बावीसच्या आत, २४ने जेमतेम साडेसोळा. जालावरच्या फायलींची लांबी जुळत नाही याचं मोठं कारण हेच. उरलेला फरक पडद्यावरच्या मजकुराच्या पाट्या किती वेळ रोखून धरल्यात आणि पुढे-मागे नवी नामावळी किती जोडली आहे याचा.

फाईल हातात आल्यावर लगेच वेग कमी करू नका. आधी ती एकेक चौकट पुढे सरकवत बघा. दर तिसरी चौकट आधीच्याच चौकटीची नक्कल असेल, तर कुणीतरी १६ची २४ आधीच करून ठेवली आहे. ती आणखी मंद केलीत तर माणसं पाण्याखाली चालल्यासारखी दिसतील. नक्कल कुठेच नसेल तर २४च्या फाईलचा वेग ०.७५ ठेवला की १८ मिळतात, ०.६७ ठेवला की १६. फाईल २५ची असेल तर अनुक्रमे ०.७२ आणि ०.६४.

१६ की १८ हे डोळ्यानेच ठरवावं लागतं, कारण हाताने फिरवणारा माणूस घड्याळ नसतो आणि एकाच रिळात वेग बदलतो. अभिनय बघून ठरवू नका, तो नाटकी आहेच. ओतलेलं पाणी, खाली पडणारं वस्त्र, यज्ञाचा धूर बघा. वजनाला वेग बरोबर वाटला की थांबा. माझं मत १८च्या बाजूने आहे. १६ला आजचा प्रेक्षक चुळबुळ करायला लागतो आणि पाट्याही फार रेंगाळतात.

फायलीत नंतर घातलेलं संगीत असतं. वेग बदलला की तेही रडायला लागतं. आवाज बंद करा.

जुनी रिळं

१९१३ की १९१७ याबद्दल. पुण्याच्या चित्रपट संग्रहालयात आहे तो तुकडा फाळक्यांनी नंतर पुन्हा चित्रित केलेल्या आवृत्तीचा, म्हणजे १९१७चा, असं मानणारे अभ्यासक बरेच आहेत. उलट बाजूही आहे आणि वाद मिटलेला नाही. पाटीवर 'राजा हरिश्चंद्र (शिल्लक अंश, मूळ चित्रपट १९१३, ही प्रत बहुधा १९१७च्या आवृत्तीची)' असं लिहा. 'भारताचा पहिला चित्रपट बघा' अशी जाहिरात मात्र करू नका, सभागृहात एक तरी जाणकार उठून बोलतोच.

आणखी एक तारीख लोक चुकवतात. २१ एप्रिल १९१३ला ग्रँट रोडच्या ऑलिंपिया थिएटरात निमंत्रितांसाठी खेळ झाला. तिकीट लावून सार्वजनिक खेळ ३ मे १९१३ला, गिरगावच्या कॉरोनेशन सिनेमॅटोग्राफमध्ये. दोन्ही तारखा खऱ्या, अर्थ वेगळे. फाळक्यांचा जन्म ३० एप्रिल १८७०चा, त्र्यंबकेश्वरचा. म्हणजे चित्रपट लोकांपुढे आला तेव्हा त्यांना त्रेचाळिसावं पूर्ण होऊन तीन दिवस झाले होते. कुणी त्यांना 'तरुण दिग्दर्शक' म्हणून उभं करत असेल तर हे लक्षात असू द्या.

'पुंडलिक'चा प्रश्न हमखास येईल. दादासाहेब तोरण्यांचा 'श्री पुंडलिक' त्याच कॉरोनेशनमध्ये १८ मे १९१२ला लागला होता, वर्षभर आधी. तो रंगमंचावरच्या नाटकाचं चित्रण होता, कॅमेरामन इंग्रज आणि फिल्म धुवायला लंडनला पाठवलेली. पडद्यासाठी रचलेली, इथेच चित्रित झालेली आणि इथेच धुतलेली पूर्ण लांबीची कथा हा निकष लावला की मान 'हरिश्चंद्र'कडे जातो. निकष बदलला तर उत्तर बदलतं. तोरण्यांचं नाव घेऊनच पुढे जा.

सोनचाफा

खूप आभार. फिरकी, तुम्ही सांगितलेली चाचणी केली. एका फायलीत दर तिसरी चौकट दुहेरी निघाली, दुसरीत नाही. पहिली जशीच्या तशी वापरते. आता भाषणाचं सांगा कुणीतरी.

आडवळण

भाषणात जन्मापासून मृत्यूपर्यंत सरळ रेघ ओढू नका, ऐकणारे झोपतात. एक धागा धरा: फाळक्यांच्या बाबतीत लेखक, दिग्दर्शक आणि तंत्रज्ञ वेगळे काढता येत नाहीत, आणि त्यांची कारकीर्द वर गेली किंवा खाली आली ती सगळी सूत्रं एका हातात होती की नव्हती त्यावर.

त्यासाठी आधीची वीसेक वर्षं सांगावीच लागतात. १८८५ला जे. जे. कला विद्यालय, मग बडोद्याचं कलाभवन, गोध्र्याला फोटोग्राफी. तिथे प्लेगमध्ये पहिली पत्नी आणि मूल गेलं. पुढे पुरातत्त्व खात्यात नोकरी, लोणावळ्याला रविवर्म्यांच्या छापखान्यासाठी काम, मग स्वतःचा छापखाना, रंगीत छपाईची यंत्रं आणायला १९०९ला जर्मनी, आणि शेवटी भागीदारांशी बिनसून बाहेर. चित्रकला, छायाचित्रण, रसायनं, कोरीवकाम, छपाई, शिवाय जादूचे प्रयोग. चित्रपटाला लागणारं बहुतेक सगळं माणसाने चित्रपट करायच्या आधीच शिकून ठेवलं होतं. 'ख्रिस्ताचं चरित्र' पाहून एका रात्रीत झपाटले ही गोष्ट खरी आहे, १९११ची, गिरगावातल्या अमेरिका-इंडिया पिक्चर पॅलेसची. पण ती ठिणगी होती. दारू आधीपासून भरलेली होती.

१९१२च्या फेब्रुवारीत लंडन. 'बायोस्कोप' साप्ताहिकाच्या संपादकाने लंडनजवळच्या वॉल्टनला, चित्रपट करणाऱ्या सेसिल हेपवर्थच्या स्टुडिओत पाठवलं. तिथे काम बघितलं, विल्यम्सन कंपनीचा कॅमेरा, भोकं पाडायचं यंत्र आणि धुण्या-छापण्याचं साहित्य ठरवलं, आणि एप्रिलमध्ये परत. भोकं पाडायच्या यंत्रावर भाषणात दोन मिनिटं जरूर घालवा. कच्ची फिल्म बिनभोकांची यायची. कडेची भोकं घरी, पूर्ण अंधारात, हाताने पट्टी सरकवत पाडावी लागत. दोन भोकांमधलं अंतर केसभर चुकलं तर चौकट कॅमेऱ्याच्या दारात त्याच जागी थांबत नाही आणि पडद्यावर चित्र थरथरतं. हे काम त्यांच्या पत्नी सरस्वतीबाईंनी केलं, फिल्म धुण्यातही त्या होत्या. त्यांचा उल्लेख दागिन्यांपुरता करून थांबणं हा अन्याय आहे. त्या या उद्योगातल्या तंत्रज्ञ होत्या.

भांडवलासाठी आधी नमुना लागला. वाटाण्याच्या रोपाची वाढ: कॅमेरा एका जागी पक्का बसवून ठरावीक वेळाने थोड्या-थोड्या चौकटी घ्यायच्या. 'अंकुराची वाढ'. सावकाराला पटकथा वाचून दाखवून काही उपयोग नव्हता, हे डोळ्यांना दिसत होतं.

आता लेखन. त्यांनी हरिश्चंद्र का निवडला? प्रेक्षकाला गोष्ट पाठ होती. मूकपटात पाटी हा एकच आवाज, आणि पाट्या देवनागरी व इंग्रजीत असल्या तरी वाचणारे थोडे. माहितीची गोष्ट घेतली की पाट्यांचा भार कमी होतो आणि फिल्म प्रसंगांवर खर्च करता येते. शिल्लक पहिल्या रिळात बघा: राजा मुलाला धनुर्विद्या शिकवतोय, तारामती शेजारी, मग शिकार, मग स्त्रियांचा आक्रोश ऐकून तो विश्वामित्राच्या यज्ञापाशी पोचतो. राजाचं सुखी घर आधी दाखवलं नसतं तर पुढचं राज्यदान कोरडं गेलं असतं. ही पटकथेची मांडणी आहे, नुसतं आख्यान नाही. चौकटीची रचना मात्र रविवर्म्याच्या चित्रांसारखी, समोरून आणि पूर्ण आकृती. कॅमेरा हलत नाही. आज ते चपटं वाटतं, आणि खरं सांगायचं तर काही जागी ते तेव्हाही चपटंच असणार.

चमत्कार ही त्यांची खरी ताकद. यज्ञातून शक्ती प्रकट होतात तो प्रकार दुहेरी छापाचा: एक दृश्य घ्यायचं, भिंग झाकायचं, मोजून तेवढीच फिल्म मागे फिरवायची, पुन्हा दुसरं दृश्य त्याच फिल्मवर. फेरे मोजण्यात चूक झाली की आकृती भलत्या क्षणी उगवते. तिकाटणं हललं की मागची भिंत दुहेरी दिसते. मध्ये ऊन सरकलं की उजेड जुळत नाही. आणि बिघाड फिल्म धुतल्यावरच कळायचा, तोपर्यंत नट कपडे उतरवून गेलेले. पात्र एकदम गायब होतं ती युक्ती सोपी: दांडा थांबवा, बाकीच्यांनी श्वास रोखून जागचं हलायचं नाही, एकाने चौकटीबाहेर जायचं, दांडा सुरू. शिल्लक भागात एखाद्याचा हात झटक्यात सरकलेला दिसला तर तो तिथला सांधा.

स्त्रीभूमिकांचं सांगताना एका वाक्यात संपवू नका. पहिल्या चित्रपटात तारामती झाले अण्णा साळुंके, हॉटेलात काम करणारे. पण त्याच वर्षीच्या 'मोहिनी भस्मासुर'मध्ये दुर्गाबाई कामत आणि त्यांची मुलगी कमलाबाई, म्हणजे पुढच्या कमलाबाई गोखले, उभ्या राहिल्या. बायका मिळाल्याच नाहीत असं सरसकट म्हणणं त्या दोघींवर अन्याय आहे. आणि १९१७च्या 'लंकादहन'मध्ये साळुंक्यांनीच राम आणि सीता दोन्ही केले, तेव्हा तो निरुपाय होता की हौस, हा प्रश्न प्रेक्षकांना विचारून बघा.

उतार थोडक्यात. १९१४ला चित्रपट घेऊन लंडनला गेले, तिथे काम करण्याची बोलणी झाली, ते परतले. मग महायुद्ध लागलं आणि भांडवल आटलं. १९१८ला नाशिकला हिंदुस्थान सिनेमा फिल्म्स कंपनी, पैसेवाले भागीदार. 'श्रीकृष्ण जन्म', 'कालिया मर्दन' तिथले, खूप चालले. पण खर्चाचा हिशेब कोण ठेवणार यावर खटके उडाले आणि ते सोडून काशीला गेले. तिथे 'रंगभूमी' नाटक लिहिलं. काही वर्षांनी परत आले, पण पहिला वचक राहिला नव्हता. 'सेतुबंधन' मूकपट म्हणून सुरू झाला, तेवढ्यात १९३१ला बोलपट आला आणि त्याला मागाहून आवाज जोडावा लागला. ओठांची हालचाल संवादासाठी केलेलीच नव्हती, तो आवाज बसणार कसा? शेवटचा 'गंगावतरण' १९३७चा, कोल्हापूर सिनेटोनसाठी. १६ फेब्रुवारी १९४४ला नाशिकला वारले.

फिरकी

आडवळण यांच्या 'कॅमेरा हलत नाही'ला पुरवणी. 'कालिया मर्दन'मध्ये फाळके बरेच पुढे गेलेत. पाण्याखाली कृष्ण आणि नागाची झटापट, आणि काठावर घाबरलेली माणसं, असं आलटून पालटून कापलंय. दोन ठिकाणचा एकच वेळ दाखवण्याची ही पद्धत 'हरिश्चंद्र'च्या शिल्लक भागात अशी दिसत नाही. दोन्ही सलग दाखवताय तर प्रेक्षकांना एवढंच सांगा की काठावरच्या माणसांकडे लक्ष ठेवा.

सुरुवातही चुकवू नका: मुलगी मंदाकिनी आधी स्वतःच्या रूपात वेगवेगळे भाव करून दाखवते, आणि मग तिचाच कृष्ण होतो. बरेच जण तो भाग नामावळी समजून पुढे ढकलतात.

वाचनवेडा

चित्रपटांची संख्या: नव्वदीच्या पुढचे जे आकडे फिरतात त्यांवर हात ठेवून बोलू नका. हिंदुस्थान कंपनीचे सगळे चित्रपट फाळक्यांचे नव्हेत; ते नसताना आणि असतानाही तिथे इतर दिग्दर्शक काम करत होते. शिवाय छोटे माहितीपट, जादूचे तुकडे, जत्रेची दृश्यं कुणी धरतं, कुणी सोडतं. जुन्या चित्रपटांना दोन-दोन नावं असतात, तेच दोनदा मोजलं जातं. भाषणात 'फाळके फिल्म्सच्या काळातले' आणि 'हिंदुस्थान कंपनीच्या काळातले' असे दोन गट करा, आकडा सांगूच नका.

वाचायला त्यांचंच लेखन आहे. १९१७-१८मध्ये 'नवयुग' मासिकात 'भारतीय चित्रपट' ही लेखमाला त्यांनी लिहिली. ख्रिस्तपट बघताना डोळ्यांपुढे राम-कृष्ण आले हे जे सगळे सांगतात त्याचा उगम तिथे. फक्त हे लक्षात ठेवा की घटनेनंतर सहा वर्षांनी, मोठी कंपनी उभी करण्याच्या धडपडीत लिहिलेलं आहे ते. भांडवल जमवणारा माणूस स्वतःची गोष्ट जरा नीटनेटकी करूनच सांगतो. त्याच्या जोडीला १९२७-२८च्या इंडियन सिनेमॅटोग्राफ कमिटी या सरकारी चौकशी समितीपुढची त्यांची साक्ष वाचा. प्रश्न रोखठोक, उत्तरंही तशीच. दोन्हींतून एकेक उतारा वाचून दाखवलात तर भाषणाची दहा मिनिटं सहज भरतील.

जुनी रिळं

परवानगीचं राहिलं. आपल्याकडे चित्रपटाचा कॉपीराइट प्रदर्शनानंतर ६० वर्षं, म्हणजे या चित्रपटांवरचा कधीच संपला. पण फायलीवर कुणी नवं संगीत किंवा निवेदन चढवलं असेल तर त्याचा हक्क त्या माणसाचा. आवाज बंद ठेवणार असाल तर तो प्रश्न येत नाही. चांगली प्रत हवी असेल तर पुण्याच्या लॉ कॉलेज रस्त्यावरच्या संग्रहालयाला संस्थेच्या लेटरहेडवर लिहा; २०२२पासून ते एनएफडीसीकडे (राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळाकडे) आहे. पत्रात तारीख, जागा, खुर्च्या किती, तिकीट आहे की नाही, आणि कोणत्या स्वरूपात प्रत हवी हे स्पष्ट असू द्या. 'फाळक्यांचे चित्रपट हवेत' एवढंच लिहिलं की उलटसुलट पत्रव्यवहारात महिना जातो.

काळी पेटी

संगीताबद्दल कुणी बोललं नाही म्हणून. पेटी-तबला पुरे, पण वादकांना किमान दोनदा पूर्ण चित्रपट दाखवा, आणि तोही कार्यक्रमात ठेवणार त्याच वेगाने. १८वर सराव आणि २४वर खेळ झाला की सगळ्या सम हुकतात. पाटी पडद्यावर असताना आवाज खाली आणावा, कारण लोक पुटपुटत वाचतात. लहान मुलं किंवा जुनी अक्षरं न लागणारे प्रेक्षक असतील तर एकाने पाट्या मोठ्याने वाचाव्या. मूकपटांच्या काळातही असे वाचणारे असत. चमत्काराच्या क्षणी वादक उत्साहात दणका देतात. तो अर्धा सेकंद उशिरा द्यायला सांगा, आधी डोळ्यांना दिसू द्या.

रीळ एक आणि शेवटचं यांच्यामध्ये दोन रिळं गायब आहेत. तिथे पडदा काळा ठेवून कुणीतरी दोन मिनिटांत मधली गोष्ट सांगितली नाही, तर राज्यदानानंतर एकदम काशीतली तलवार दिसते आणि गोष्ट माहीत नसलेली मुलं गोंधळतात. निवेदन चालू असताना तबला बंद, पेटीचा नुसता सूर.

सोनचाफा

मधल्या दोन रिळांचं डोक्यातच आलं नव्हतं. निवेदन लिहायला घेते. पत्र उद्या जातंय.